कामचुकार कोण?

महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा व ग्रामपंचायती यांच्या कार्यालयांत लोकांची कामे वेळेवर होत नाहीत, ही तक्रार खोटी नाही. नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी विधवेला चार खेपा घालाव्या लागतात. नमुना आठच्या उताऱ्यावर वारसाचे नाव चढावयास वर्ष उलटते. नळजोडणीचा अर्ज 'वर' गेलेला असतो आणि तो खाली कधी येणार हे सांगणारा जागेवर नसतो. ज्या मजुराचा प्रत्येक खेपेस एक रोज बुडतो त्याला समोरच्या टेबलावरचा कारकून तेवढा दिसतो, आणि त्याचा संताप त्या कारकुनावरच निघतो. या संतापाला आम्ही नावे ठेवणार नाही. मात्र या संतापाच्या भांडवलावर जो सिद्धांत गेली तीस-पस्तीस वर्षे बाजारात मांडला जात आहे, त्याचा समाचार घेणे अवश्य आहे.

सिद्धांत असा: कर्मचारी काम करीत नाही, कारण त्याची नोकरी कायम आहे. पगार ठरलेला आहे, काम केले काय आणि न केले काय. तेव्हा उपाय तीन. त्याच्या हजेरीवर यंत्र बसवा. त्याच्या कामाला गुण द्या. आणि शक्य तितक्या लवकर त्याच्या जागी कंत्राटी माणूस आणा. बड्या वृत्तपत्रांचे अग्रलेखक, सल्लागार कंपन्यांचे तरुण आणि खुर्चीवर असलेला कोणत्याही रंगाचा नगरविकास मंत्री यांचे या तीन कलमांवर विलक्षण एकमत असते. एवढे एकमत जेथे आढळते तेथे कोणाचे तरी हित साधले जात असते, अशी शंका घेण्यास हरकत नसावी.

प्रस्तुत लेखकाचे नित्याचे काम इंग्रजी मजकूर मराठीत आणण्याचे आहे. म्हणून मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी एका शब्दाविषयी थोडे. शासकीय परिपत्रकांत कर्मचाऱ्यांच्या 'कामगिरीचे मूल्यमापन' असा प्रयोग आता रूढ झाला आहे. मराठीत कामगिरी ही मुळात सोपवली जाते. माणूस कामगिरीवर जातो, कामगिरी बजावून येतो. म्हणजे सोपवणारा कोणी तरी असतो, आणि त्याने बरोबर माणसे, खर्च व अधिकार द्यावयाचे असतात. इंग्रजी शब्दाचा प्रतिशब्द म्हणून आलेली नवी कामगिरी मात्र एकट्या नोकराच्या अंगचा गुण किंवा अवगुण बनली आहे. सोपवणारा त्यातून गुपचूप निसटला. या लेखाचा विषय तो निसटलेला गृहस्थ आहे.

हातच नाहीत

प्रथम माणसांचा हिशेब. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी १८ राज्यांतील नागरी स्वराज्य संस्थांच्या तपासणीचे जे निष्कर्ष २०२४ च्या अखेरीस एकत्रित मांडले, त्यांत मंजूर पदांपैकी सरासरी ३७ टक्के पदे रिक्त आढळली. हा आकडा कोणा कामगार संघटनेच्या पत्रकातील नाही, सरकारच्याच लेखापरीक्षकाचा आहे. शंभरातील सदतीस खुर्च्या रिकाम्या ठेवावयाच्या आणि उरलेल्या त्रेसष्ट माणसांना 'तुम्ही शंभरांचे काम का करीत नाही' असे विचारावयाचे, याला मूल्यमापन म्हणत नाहीत. शिवाय ही मंजूर पदे तरी केव्हाची? अनेक नगरपालिकांचा आकृतिबंध शहर आजच्या निम्मे असताना ठरलेला असतो. लोकसंख्या वाढते, हद्द वाढते, योजना वाढतात, आकृतिबंध मात्र मंत्रालयात 'विचाराधीन' असतो.

ग्रामीण भागात हेच चित्र अधिक बोलके आहे. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असे भारदस्त नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये घेतला. नाव वाढले, परंतु एकाच माणसाकडे दोन-तीन गावांचा 'अतिरिक्त कार्यभार' असण्याची रीत त्यामुळे गेली नाही. सोमवारी या गावी, मंगळवारी त्या गावी, बुधवारी पंचायत समितीत बैठक, गुरुवारी जिल्ह्याला माहिती सादर करावयाची, तीही गेल्या आठवड्यात पाठवलेलीच माहिती नव्या नमुन्यात. ज्या दिवशी तो तुमच्या गावी नाही त्या दिवशी तो घरी झोपलेला असतो, असे मानणाऱ्याने एकदा त्याच्याबरोबर आठवडाभर फिरून पाहावे.

आदित्य दासगुप्ता व देवेश कपूर या दोन अभ्यासकांनी गटविकास अधिकाऱ्यांचा देशभर अभ्यास केला. अधिकाऱ्यांकडून दिवसभरातील वेळेच्या नोंदीही घेतल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष सरळ आहे. जेथे मनुष्यबळ व साधने अपुरी, तेथे अधिकारी एका कामातून दुसऱ्यात धावत राहतो, नियोजन व देखरेख यांसाठी त्याच्यापाशी वेळ उरत नाही, आणि रोजगार हमीसारखी योजना त्या गटात रखडते. या दोघांपैकी कोणीही साम्यवादी म्हणून प्रसिद्ध नाही, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.

उलट बाजूचाही पुरावा आहे. तामिळनाडूत काही अंगणवाड्यांना अर्धवेळ काम करणारी एक जादा कार्यकर्ती देऊन पाहण्यात आले. मुलांना शिकवण्याचा प्रत्यक्ष वेळ दुपटीने वाढला, मुले अधिक शिकली, आणि जुन्या सेविकेला पोषण-आरोग्याच्या कामास सवड मिळाल्याने खुंटलेल्या वाढीचे प्रमाणही घटले. सेविका तीच, तिचा स्वभाव तोच, तिला कोणी प्रेरणादायी व्याख्यान दिले नव्हते. आणखी दोन हात मिळाले, एवढेच.

आणि जे हात आहेत ते तरी स्वतःच्या कामाला मोकळे असतात काय? निवडणूक, जनगणना, पशुगणना, सर्वेक्षण, कोणा मान्यवराचा दौरा, 'पंधरवडा', 'सप्ताह': सर्वांसाठी माणसे लागतात आणि ती याच कार्यालयांतून, शाळांतून व अंगणवाड्यांतून उचलली जातात. २०२५ च्या अखेरीस अनेक राज्यांत मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण चालू असताना मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून नेमलेल्या शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या मृत्यूच्या, आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. अखेर त्यांच्यावरील भार हलका करण्यासाठी जादा माणसे द्या, असे सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले. कामचुकारांवर कामाच्या ओझ्याखाली मरण्याची पाळी येत नसते.

पैसा कोणाच्या हाती?

१९९२ मध्ये ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती झाली. ग्रामपंचायतींसाठी २९ आणि नगरपालिकांसाठी १८ विषयांची यादी घटनेत आली. सत्ता लोकांच्या दारी गेल्याचा गजर झाला. वर उल्लेखिलेल्या लेखापरीक्षणात आढळले ते असे की, १८ पैकी जेमतेम चार कामे नागरी संस्थांकडे पूर्ण स्वायत्ततेने आली आहेत. उरलेल्यांत जबाबदारी पालिकेची, अधिकार दुसऱ्याचा. रस्ता फुटला की नागरिक पालिकेत येतो. रस्ता कोणा प्राधिकरणाने, मंडळाने वा 'विशेष हेतू कंपनी'ने खोदलेला असतो.

महाराष्ट्रात जकात हा पालिकांचा स्वतःचा मोठा आधार होता. ती गेली. तिच्या जागी आणलेला स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये बव्हंशी गुंडाळला गेला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराने उरलेसुरले संपवले. जकातीत भ्रष्टाचार होता हे खरे; पण तो पैसा पालिकेच्या नाक्यावर जमा होत असे. आता पालिका दर महिन्याला राज्य सरकारच्या अनुदानाच्या वाटेकडे डोळे लावून बसते. अनुदान उशिरा आले की पगार उशिरा, निवृत्तिवेतन त्याहून उशिरा.

पगार थकल्यावर 'कामगिरी'चे काय होते याचा धडा राजधानीनेच दिला आहे. २०१२ मध्ये दिल्ली महानगरपालिकेचे तीन तुकडे करण्यात आले. त्यांतील पूर्व दिल्लीच्या वाट्याला दाट वस्ती आली, पण मालमत्ता कराचे उत्पन्न देणारे श्रीमंत विभाग आले नाहीत. सफाई कामगारांचे पगार महिनोन् महिने थकू लागले. २०१५, २०१६, २०१७ : पुन्हा पुन्हा संप झाले आणि रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग लागले. वृत्तचित्रवाण्यांनी ढीग दाखवले, नाकाला लावलेले रुमाल दाखवले. केंद्र, राज्य व महापालिका यांनी एकमेकांकडे बोट दाखवले. घरी चूल पेटत नसताना दुसऱ्याच्या दारातील घाण उचलावयास येत नाही म्हणून ज्याला दोष दिला गेला, त्या माणसाला आपली महापालिका तीन तुकड्यांत का कापली गेली हे कोणी विचारले नव्हते. दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, तीन तुकडे पुन्हा सांधण्यात आले. दरम्यानच्या काळातील अकार्यक्षमतेचा शेरा कोणाच्या सेवापुस्तकात नोंदवावयाचा?

बदलीचा बाजार

आता वरच्या पायरीकडे पाहू. भारतीय प्रशासन सेवेतील अधिकाऱ्यांच्या बदल्यांचा अभ्यास लक्ष्मी अय्यर व आनंदी मणी यांनी केला, तेव्हा एका पदावरील सरासरी मुक्काम सुमारे १६ महिन्यांचा आढळला आणि मुख्यमंत्री बदलला की बदल्यांना ऊत येतो, हेही आकड्यांत दिसून आले. पालिकांचे आयुक्त व जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी बव्हंशी याच सेवेतून येतात. सोळा महिन्यांत गटारांचा नकाशादेखील समजून होत नाही. नवा साहेब येतो, आधीच्या साहेबाची योजना कपाटात जाते, नव्या नावाची नवी योजना निघते. खालचा कारकून वीस वर्षे हा खेळ पाहत असतो. कोणत्याच साहेबाच्या उत्साहाने त्याने हुरळून जाऊ नये हे तो अनुभवाने शिकलेला असतो, आणि या शहाणपणालाच बाहेरून पाहणारा आळस म्हणतो.

बदलीची दुसरी बाजू अधिक काळी आहे. रॉबर्ट वेड या अभ्यासकाने १९८२ मध्ये दक्षिण भारतातील कालवे खात्याविषयी जे लिहिले ते स्थानिक संस्थांचे नव्हे, परंतु यंत्रणा ओळखीची आहे. कमाईच्या जागेवर बदली विकत घ्यावी लागते. विकत घेतलेल्या जागेची किंमत शेतकऱ्याकडून वसूल करावी लागते. वसुलीचा वाटा वर जातो. म्हणजे लाच हा एका लोभी माणसाचा अपघाती गुन्हा नसून पदांच्या बाजाराचा हप्ता असतो. ज्याला दोनशे रुपये घेताना पकडले जाते तो या साखळीचा शेवटचा दुवा. त्याला निलंबित करून छायाचित्र छापले की साखळी अबाधित राहते.

महाराष्ट्राने २००५ मध्ये बदल्यांचे विनियमन करणारा कायदा केला. त्यात नेमणुकीचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा धरला आहे, आणि कोणतीही फाईल एका टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा अधिक राहता कामा नये, अशीही तरतूद आहे. पुढे २०१५ मध्ये लोकसेवा हक्काचा कायदा झाला. विहित मुदतीत सेवा न दिल्यास अधिकाऱ्यास दंड. दोन्ही कायदे चांगले आहेत आणि आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत. पण गंमत पाहा. सात दिवसांचा नियम ग्रामपंचायतीच्या दाखल्याला आठवतो. रिक्त पदे भरण्याचा प्रस्ताव मंत्रालयात वर्षानुवर्षे पडून राहतो तेव्हा तो कोणास आठवत नाही.

यंत्र काय करते?

उरतो उपायांचा प्रश्न. पहिला उपाय यंत्राचा. राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यात आरोग्य परिचारिकांच्या हजेरीसाठी वेळेचा शिक्का मारणारी यंत्रे बसवून गैरहजेरीवर पगारकपात ठरवण्यात आली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोगाचा वृत्तान्त आहे. आरंभी हजेरी खरोखरच वाढली. मग काय झाले? जिल्हा आरोग्य प्रशासनानेच 'सूट' दिलेल्या दिवसांची संख्या वाढत गेली आणि दीड वर्षाच्या आत यंत्र असलेल्या व नसलेल्या केंद्रांत फरक उरला नाही. जे वर बसले आहेत त्यांची इच्छा नसेल तर भिंतीवरचे यंत्र एकटे राज्य चालवीत नाही.

रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवरील छायाचित्राची हजेरी सक्तीची करण्यात आली होती. मजुरांनी पहिल्या दिवसापासून सांगितले की गावात नेटवर्क नाही, छायाचित्र चढत नाही, मजुरी बुडते. त्यांचे ऐकले गेले नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून कबूल करावे लागले की छायाचित्राचे छायाचित्र काढून, भलतीच चित्रे चढवून ही हजेरी राजरोस फसवली जात आहे. प्रामाणिक मजुराची मजुरी यंत्राने बुडवली आणि लबाडाला यंत्राने अडवले नाही. नागपूर, चंडीगढ, पंचकुला येथे सफाई कामगारांच्या मनगटावर ठावठिकाणा सांगणारी घड्याळे बांधण्यात आली. झाडू मारणारी बाई शौचाला कोठे व किती वेळ गेली हे साहेबाच्या पडद्यावर दिसावे, ही यामागील प्रतिभा! रस्त्याच्या कडेला तिच्यासाठी एक स्वच्छतागृह बांधण्यास मात्र हे पैसे कधीच पुरत नाहीत. आणि हेही सांगितले पाहिजे की झाडू बहुतांशी दलित जातींतील स्त्री-पुरुषांच्याच हाती आहे. कामचुकार हा शिक्का जेवढ्या सहजतेने त्यांच्या कपाळी बसतो, तेवढ्या सहजतेने तो बंगल्यातील अधिकाऱ्यास कधी लागत नाही.

गुणांकनाचेही तेच. २०२५ च्या आरंभी महाराष्ट्र शासनाने कार्यालयांसाठी १०० दिवसांची सात कलमी सुधारणा मोहीम राबवली आणि महाराष्ट्र दिनाच्या सुमारास गुणवंतांची यादी जाहीर झाली. संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रारनिवारण, कार्यालयीन सोयी, क्षेत्रभेटी, इतकेच काय गुंतवणुकीस उत्तेजन हेही कलम होते. जुनी रद्दी निघाली, भिंती रंगल्या. वाईट काहीच नाही. सात कलमांत रिक्त पदे भरण्याचे कलम मात्र नव्हते.

इम्रान रसूल व डॅनियल रॉजर यांनी नायजेरियातील मुलकी सेवेचा अभ्यास २०१८ मध्ये मांडला. चार हजारांहून अधिक सार्वजनिक कामे त्यांनी तपासली. ज्या कार्यालयांत कर्मचाऱ्यांना निर्णयाची मोकळीक होती तेथे कामे अधिक पूर्ण झाली. जेथे देखरेख व बक्षीस-शिक्षेचा जाच अधिक, तेथे कमी. नायजेरियाचे निष्कर्ष नांदेडला जसेच्या तसे लागू पडतील असे आम्ही म्हणत नाही. पण 'मोजमाप वाढवा म्हणजे काम वाढेल' हे गणित सर्वत्र सिद्ध झाले आहे, असे जे छातीठोकपणे सांगतात त्यांनी हे वाचलेले दिसत नाही.

कंत्राटाचे अर्थशास्त्र

तिसरा उपाय कंत्राट, आणि खरा जीव यातच अडकलेला आहे. महाराष्ट्र शासनाने ६ सप्टेंबर २०२३ रोजी निर्णय काढून शासकीय व निमशासकीय कार्यालयांना बाह्य यंत्रणेमार्फत मनुष्यबळ पुरवण्यासाठी नऊ खाजगी संस्था मुक्रर केल्या. राज्यभर तरुण रस्त्यावर आले आणि पुढल्याच महिन्यात तो निर्णय मागे घ्यावा लागला. निर्णय मागे गेला, रीत गेली नाही. कारण ती रीत नियमातच पेरलेली आहे. पालिकांनी आस्थापनेवर उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांहून अधिक खर्च करू नये, अशी मर्यादा आहे. नाशिकसारख्या महापालिकेची भरती या मर्यादेपायी वर्षानुवर्षे अडली. कायम माणूस नेमला तर तो 'आस्थापना खर्च'. तोच माणूस कंत्राटदाराकडून घेतला तर ती 'सेवेची खरेदी'. पैसा पालिकेच्याच तिजोरीतून जातो, परंतु कंत्राटदाराच्या खिशातून वळसा घेऊन. अशा रीतीने काटकसरीच्या नावाने एक मध्यस्थ पोसला जातो.

यात पालिकेच्या गरिबीचा प्रश्न नाही. ज्या मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांच्या वर गेला, तिनेच कचरा उचलणारे हजारो कामगार वर्षानुवर्षे कंत्राटी ठेवले आणि हे आमचे कामगारच नव्हेत असे न्यायालयात सांगितले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा लढा औद्योगिक न्यायाधिकरणापासून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, आणि २०१७ मध्ये २७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश तेथे शाबूत राहिला. गाझियाबाद महापालिकेने बागकाम करणाऱ्या माळ्यांना वर्षानुवर्षे राबवून २००५ मध्ये घरी बसवले होते. त्यांना पुन्हा कामावर घ्या व निम्मी थकबाकी द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२५ रोजी सांगितले. न्याय झाला; पण मध्ये जवळजवळ वीस वर्षे गेली. २००६ च्या उमादेवी खटल्याच्या निकालाची ढाल पुढे करून सरकारे कायम स्वरूपाच्या कामावर हंगामी माणूस राबवीत आली. त्या निकालाचा असा दुरुपयोग होत असल्याचे आता न्यायालयच बजावते आहे.

'पण कंत्राटी माणूस भीतीपोटी तरी काम करतो ना?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. भीतीने माणूस साहेबाचे काम करतो, नागरिकाचे नव्हे. ग्रामपंचायतीतील संगणक परिचालकाचे उदाहरण घ्या. दाखला तोच छापून देतो, 'सर्व्हर डाऊन आहे' हे तोच सांगतो आणि शिव्याही तोच खातो. त्याचे तुटपुंजे मानधन ग्रामपंचायतीच्या निधीतून कापले जाऊन कंपनीमार्फत, थकत थकत त्याच्या हाती येते. त्यासाठी या मुलामुलींना मुंबईच्या आझाद मैदानात किती वेळा बसावे लागले याची गणती नाही. त्यांनी उद्या काम सोडले तर गावाच्या नोंदी कोठे कशा आहेत हे सांगणारा कोणी उरत नाही. अंगणवाडी सेविकेला तर कामगारही म्हटले जात नाही, ती 'मानसेवी'. तिला ग्रॅच्युइटी मिळावी एवढे मान्य करून घेण्यासाठी गुजरातमधील सेविकांना सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले, आणि निकाल लागला तो एप्रिल २०२२ मध्ये. लोकांशी वर्षानुवर्षांची ओळख, नोंदींची स्मृती, वरिष्ठाच्या तोंडी हुकमाला 'लेखी द्या' असे म्हणण्याची हिंमत, या तिन्ही गोष्टी नोकरीच्या स्थैर्यातून येतात. कंत्राटदाराला या तिन्हींचा उपयोग नाही. बेकायदा बांधकामावर सही करा असे दटावणाऱ्या नगरसेवकाला तर त्या अडचणीच्याच वाटतात.

स्थैर्य म्हणजे सर्व काही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. ब्राझीलच्या सिआरा राज्यात १९८७ मध्ये दुष्काळी कामातून आरोग्यसेविकांची एक योजना उभी राहिली. ज्युडिथ टेंडलर यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात तिचा अभ्यास मांडला आहे. त्या सेविका कायम नोकर नव्हत्या, वेतनही किमान. तरी त्यांनी जीव ओतून काम केले. कारण निवड गावोगाव उघडपणे झाली, पगार स्थानिक पुढाऱ्याच्या मर्जीवर न राहता राज्याकडून येई, कामाच्या मर्यादा घरोघरच्या गरजेप्रमाणे सैल होत्या, आणि सरकार त्यांच्या कामाचा जाहीर गौरव करीत असे. आमच्याकडे मंत्री जाहीर सभेत कर्मचाऱ्याला उभे करून झापतो आणि लोक टाळ्या वाजवतात. मान ही कामाची बाब आहे, हे उपदेशकांच्या तीन कलमांत कोठेच नाही.

केरळात १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम सुरू झाली तेव्हा योजना खर्चाचा ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे देण्यात आला आणि कामाबरोबर माणसेही पंचायतींकडे वर्ग झाली. तंटेही झाले. वर्ग झालेला डॉक्टर वा कृषी अधिकारी जुन्या खात्याचे ऐकावे की पंचायतीचे, या कात्रीत वर्षे गेली. पंचायत, नगरविकास, ग्रामविकास ही खाती एकत्र करून एकच स्थानिक स्वराज्य खाते व्हावयास २०२२ साल उजाडले. पण निदान तेथे पंचायतीचा अधिकारी निवडलेल्या पंचायतीला उत्तर देतो. महाराष्ट्रात २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ बहुतेक महापालिकांत निवडून आलेले सभागृहच नव्हते. प्रशासक शासनाचा, आयुक्त शासनाचा, पैसा शासनाचा. त्या काळात जे बिघडले त्याचा जाब मात्र वॉर्ड ऑफिसातील लिपिकाला विचारला गेला.

संघटनांना दोन शब्द

हे सर्व म्हटल्यावर आमच्या कर्मचारी बांधवांशीही स्पष्ट बोलले पाहिजे. जी संघटना सभासदाच्या वेतनश्रेणीसाठी मोर्चा काढते, पण त्याच सभासदाने विधवेकडून दाखल्याचे पैसे घेतले तर 'चौकशी होऊ द्या' म्हणून बाजूला होते, ती आपल्याच हाताने कंत्राटदाराचा रस्ता झाडून देते. कायम कर्मचारी सावलीत आणि त्याच खात्यातला कंत्राटी कामगार उन्हात, त्याला संघटनेचे सभासदत्वही नाही. अशी संघटना किती दिवस टिकेल? ज्या मजुराचा रोज बुडतो तो उद्या खाजगीकरणाच्या बाजूने उभा राहिला तर त्याला दोष देता येणार नाही. रिक्त पदांचा प्रश्न हा कर्मचाऱ्यांच्या मागणीपत्रातील सतरावे कलम म्हणून मांडून चालणार नाही. तो गावाचा व मोहल्ल्याचा प्रश्न म्हणून, नागरिकांना बरोबर घेऊन मांडावा लागेल.

त्यासाठी नवा कायदाही नको. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली प्रत्येक कार्यालयाने आपल्या कर्मचाऱ्यांची यादी व वेतन स्वतःहून प्रसिद्ध करावयाचे आहेच. नागरिकांच्या सनदेचा फलक दारात असतो, त्याच्या शेजारी दुसरा फलक लावावा. मंजूर पदे किती, भरलेली किती, कोणते पद किती महिन्यांपासून रिक्त; एका माणसाकडे किती गावांचा कार्यभार; गेल्या महिन्याचा पगार कोणत्या तारखेला झाला; कंत्राटी माणसे किती, कंत्राटदार कोण, त्याला माणशी काय मिळते आणि तो माणसाला काय देतो. शेवटचा रकाना भरतीच्या प्रस्तावाचा असावा: तो येथून कोणत्या तारखेला मंत्रालयात गेला, आणि आज कोणाच्या टेबलावर आहे.